पाठदुखीसाठी अतिकडक लॅटेक्सची गादी घरी कशी तयार करावी

पाठ धरली की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो जमिनीवर किंवा फळीवर झोपण्याचा, आणि दुकानात गेल्यावर दुसरा मिळतो तो ‘ऑर्थोपेडिक’ अशी चिठ्ठी लावलेली गादी घेण्याचा. पहिला फुकट आणि दुसरा महाग, परंतु दोन्हींमागचे गृहीत एकच आहे, की गादी जितकी कडक तितकी पाठीला चांगली. हे गृहीत स्पेनमध्ये पद्धतशीरपणे तपासून पाहिले गेले. जुनाट कंबरदुखी असलेल्या, परंतु तिचे ठरावीक कारण न सापडलेल्या ३१३ प्रौढांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी देण्यात आली. ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचे दुखणे आणि त्यामुळे रोजच्या हालचालींत येणारी अडचण, दोन्ही अधिक कमी झाल्याचे आढळले. हा अभ्यास २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

तरीही अतिकडक गादीची खरी गरज असणारी माणसे आहेत. ज्यांचे वजन नव्वद किलोच्या पुढे आहे आणि जे पाठीवर अथवा पालथे झोपतात, त्यांच्या कमरेखाली दुकानातील मध्यम गादीची काही महिन्यांत झोळी होते, आणि सकाळी उठताना त्यांची कंबर ताठरते. एकाला कडक वाटणारी गादी दुसऱ्याला मऊ वाटते, कारण गादीचा कडकपणा हा तिच्यावर पडणाऱ्या वजनाशी बांधलेला असतो. घरी गादी तयार करण्याचा मोठा फायदा येथेच आहे. ती थराथरांची असावी, कडकपणा खालच्या गाभ्यात ठेवावा, वर पातळ नरम थर द्यावा आणि कोणताही थर चिकटवू नये, म्हणजे पहिला अंदाज चुकला तरी सगळी गादी न बदलता एखादा थर बदलून भागते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. पायात बधिरता किंवा अशक्तपणा येत असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, जांघेच्या आणि बैठकीच्या भागात संवेदना कमी झाली असेल, दुखण्याबरोबर ताप किंवा वजनातील घट असेल, अथवा दुखणे पडल्या-आपटल्यानंतर सुरू झाले असेल, तर गादीचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे; पहिल्या तीन लक्षणांत तर त्याच दिवशी. ज्यांना रबराच्या हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी अंगाला खाज सुटते, ओठ सुजतात किंवा धाप लागते, त्यांनीही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय लॅटेक्स घरात आणू नये.

माल ओळखणे

लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. देशात त्याचे मुख्य उत्पादन केरळात होते, आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे गेल्यास रबराच्या बागांत खोडांना बांधलेल्या वाट्या आपल्याकडेही पाहायला मिळतात. हा चीक घुसळून त्याचा फेस करतात, साच्यात ओततात आणि वाफेने तापवून पक्का करतात. १९२९ च्या सुमारास डनलॉप कंपनीत विकसित झालेली ही पद्धत आजही त्याच नावाने ओळखली जाते. दुसऱ्या, टॅलाले नावाच्या पद्धतीत साचा अर्धवट भरून निर्वात पोकळीने फेस फुगवतात, तो गोठवतात आणि मग पक्का करतात. त्यातून निघणारा थर अधिक एकसारखा आणि बहुधा अधिक नरम असतो. अतिकडक गादीसाठी डनलॉपच घ्यावा. तो स्वस्त पडतो, कडक मिळतो, आणि साच्यात जड कण तळाशी बसत असल्यामुळे पुष्कळदा त्याची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित घट्ट असते, जी पुढे आपल्या कामी येते.

परदेशी विक्रेते कडकपणा एका आकड्यात सांगतात: ५० चौरस इंचांची गोल चकती थराच्या जाडीच्या २५ टक्के आत दाबायला जितके पौंड बळ लागते, तितका तो आकडा. चाळीसच्या पुढचा थर अतिकडक समजला जातो. आपल्याकडे मात्र दुकानदार घनता सांगतात, म्हणजे एका घनमीटरला किती किलो. घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी असल्या तरी एकाच कारखान्याच्या मालात घनता वाढली की कडकपणा वाढतो, त्यामुळे हा आकडा उपयोगी पडतो. डनलॉप लॅटेक्समध्ये ६५ च्या आसपासचा थर नरम, ८० ते ८५ चा कडक आणि ९० च्या पुढचा अतिकडक, असा ढोबळ हिशेब धरावा.

सांगितलेली घनता खरी आहे का, हे वजनकाट्यावर तपासता येते, आणि ते न तपासता पैसे देऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. थराची लांबी, रुंदी आणि जाडी इंचांत मोजून तिन्हींचा गुणाकार करावा, त्याला ६१,०२४ ने भागावे म्हणजे घनमीटर मिळतात, आणि किलोंतील वजनाला त्या घनमीटरांनी भागावे. ७८ इंच लांब, ३६ इंच रुंद आणि ६ इंच जाड थराचे आकारमान ०.२७६ घनमीटर होते. त्याची घनता ९० असेल तर वजन पंचवीस किलोच्या जवळ भरले पाहिजे. ते अठरा भरले, तर समोरचा ६५ चा माल ९० म्हणून विकतो आहे.

वजन भरले तरी प्रश्न पूर्णपणे सुटत नाही, कारण काही मालात खडूसारखी भुकटी मिसळून वजन वाढवलेले असते. त्यासाठी थराचा कापलेला कोपरा पाहावा. तो दोन बोटांत धरून ताणला असता लांबून झटकन मूळ जागी आला पाहिजे, आणि बोटे चोळल्यावर त्यांवर पांढरी पूड राहता कामा नये. मुठीने दाबून सोडल्यावर ठसा लगेच भरून यावा. तो सावकाश भरत असेल तर हाती आले आहे ते मेमरी फोम, लॅटेक्स नव्हे. थराच्या अंगावर दिसणारी भोके ही साच्यातील खिळ्यांची खूण असते, ते खिळे उष्णता आतपर्यंत पोहोचवतात. ही भोके जितकी मोठी आणि दाट, तितका थर नरम, म्हणून गाभ्यासाठी बारीक भोकांचा थर निवडावा.

खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर गाभ्याऐवजी तळाशी चार इंच रबराइज्ड काथ्या, म्हणजे नारळाच्या काथ्यावर लॅटेक्स फवारून दाबलेला थर, आणि वर तीन इंच ८५ घनतेचे लॅटेक्स असा जोड करता येतो. काथ्यातून हवा खेळते, तो पहिल्या दिवसापासून कडक असतो, आणि गादीच्या कारखान्यात तो सहज मिळतो. मात्र जेथे रोज वजन पडते तेथे काथ्या हळूहळू बसतो आणि वरचे लॅटेक्स त्याच्या मागोमाग त्या खळग्यात उतरते. रिबॉन्डेड फोम, म्हणजे फोमचे तुकडे चिकटवून केलेला ठोकळा, हाही कडक असतो. पण त्यातून हवा फारशी खेळत नाही, आणि दमट हवेच्या गावी मी तो सुचवणार नाही.

थर ठरवणे

मूळ रचना अशी धरावी: तळाला सहा इंचांचा अतिकडक गाभा, वर एक किंवा दोन इंचांचा थोडा नरम थर, आणि सर्वांवर चेनची खोळ. नव्वद किलोच्या पुढच्या, पाठीवर झोपणाऱ्या माणसाला ९० ते ९५ घनतेचा गाभा आणि वर एक इंच ८० चा थर चालतो. साठ-पासष्ट किलोच्या माणसाने अतिकडकाचा आग्रह सोडून ८० ते ८५ चा गाभा आणि वर दोन इंच ६५ ते ७० चा थर घ्यावा. त्याच्या वजनाला तोच पुरेसा कडक लागतो. कुशीवर झोपणाऱ्याला खांदा आणि कमरेखालची बाजू आत जायला जागा हवी असते, म्हणून त्याने वरचा थर दोन इंचांपेक्षा कमी कधीच करू नये. वरचा थर पूर्ण वगळून नुसत्या अतिकडक गाभ्यावर झोपण्याचा मोह अनेकांना होतो. त्याचा परिणाम बहुधा खांदा आणि हात बधिर होण्यात होतो, आणि फळीवर झोपून जे साधते त्याहून वेगळे काही हाती लागत नाही.

दोघांच्या पलंगासाठी ७२ इंची अखंड गाभा घेण्याऐवजी ३६ इंचांचे दोन गाभे शेजारी ठेवावेत. नवरा-बायकोच्या वजनात वीस-पंचवीस किलोंचा फरक असणे नेहमीचे आहे, आणि तसा फरक असताना दोघांना एकच गाभा देणे म्हणजे एकाची पाठ दुसऱ्याच्या सोयीवर सोडणे होय. वरचा थर मात्र अखंड ठेवावा, म्हणजे मधला सांधा पाठीला लागत नाही. शिवाय ७२ इंची अतिकडक गाभ्याचे वजन पन्नास किलोंच्या घरात जाते आणि तो वाकडातिकडा लोंबतो. जिन्याच्या वळणावरून नेताना ही गोष्ट प्रकर्षाने लक्षात येते.

पलंग

गादीखालचा पृष्ठभाग सपाट नसेल तर वरची सगळी काटेकोर मेहनत वाया जाते. पलंगाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणून धरावी आणि मध्ये प्लायवूड सुतळीपासून किती खाली गेले आहे ते पाहावे. बोटाच्या जाडीइतकी फट दिसली तर सुताराकडून मध्ये आडवी पट्टी व पाया मारून घ्यावा. पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांतील अंतर अडीच इंचांपेक्षा जास्त नसावे, नाहीतर लॅटेक्स त्या फटींत उतरते. बाजेवर किंवा नवारीच्या खाटेवर ही गादी टाकण्यात अर्थ नाही.

खाली सामानाची पेटी असलेला पलंग आपल्या घरांत सर्रास असतो, आणि त्याच्या सलग प्लायवूडवर गादीतून उतरणारी ओल अडकून बसते. त्या प्लायवूडला साधारण सहा-सहा इंचांवर इंचभर व्यासाची भोके पाडून घ्यावीत. सुताराला हे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी ते टाळू नये.

कापणे आणि मांडणे

थर शक्यतो पलंगाच्या मापातच मागवावेत. कापण्याची वेळ आलीच तर ज्या मापाला कापायचे त्याहून अर्धा इंच बाहेर रेघ मारावी, रेघेला लागून एक सरळ फळी ठेवावी, तिच्यावर कोणाला तरी गुडघे टेकून बसवावे म्हणजे थर दबून पातळ होतो, आणि लांब, पातळ पात्याच्या धारदार सुरीने एका दिशेने लांब-लांब हात मारत कापावे. करवतीसारखे पुढे-मागे रेटल्यास कडा दातेरी होते. पाते साबणाच्या पाण्यात बुडवत राहिल्यास ते रबराला अडकत नाही. थर्माकोल कापतात तशी तापलेली तार येथे चालत नाही. लॅटेक्स वितळत नाही, ते करपते आणि घरभर जळक्या रबराचा वास सुटतो.

थर उचलताना कधीही कडेला धरून ओढू नये, कारण लॅटेक्स दाब सोसते पण ताणले की फाटते. थराची गुंडाळी करून ती जुन्या चादरीत बांधावी आणि दोघांनी उचलावी. नवा थर दोन-चार दिवस सावलीत, वाऱ्यावर पसरून ठेवला की वास बराचसा जातो.

थर एकमेकांवर नुसते ठेवावेत. लॅटेक्सवर लॅटेक्स आपोआप धरून राहते, सरकत नाही. सुतारकामाचा तीव्र वासाचा सोल्युशन गोंद तर अजिबात लावू नये. त्यातील द्रावण रबराला फुगवते, आणि चिकटवलेला थर पुन्हा सोडवताना फाटतो. फाटलेला तुकडा जोडण्यापुरता पाण्यात मिसळणारा लॅटेक्सचा गोंद पुरे.

ज्यांना अधिक खोलात जायचे आहे त्यांच्यासाठी एक सोय आहे, पण ती पहिली मांडणी काही आठवडे वापरल्यानंतरच करावी. गाभा आडवा कापून त्याचे तीन तुकडे करायचे, आणि कमरेखाली सर्वांत कडक तुकडा ठेवून खांद्याखालच्या तुकड्याऐवजी त्याच मापाचा एक पायरी नरम तुकडा घालायचा. तुकडे कुठे पाडायचे हे कोष्टकावरून ठरवू नये. चादरीवर आपल्या नेहमीच्या जागी, उशी घेऊन झोपावे आणि दुसऱ्या कोणाला तरी काखेच्या रेषेवर, कमरेच्या वरच्या हाडावर आणि मांडीच्या मध्यावर पेन्सिलीने खुणा करायला सांगाव्यात. पहिल्या दोन खुणांच्या मध्ये पहिला काप, आणि तिसऱ्या खुणेवर दुसरा.

खोळ

येथे बहुतेकांचे लक्ष नसते, आणि चांगले लॅटेक्स खोळीने बिघडते. जाड कापसाचे अस्तर घालून घट्ट टाके मारलेली खोळ थराला मोकळेपणी दबू देत नाही, त्यामुळे गादी आहे त्याहून कडक लागते. ताणली जाणारी विणीची सुती खोळ थराचा मूळ स्वभाव जसाच्या तसा पोहोचवते. नेहमीचे पट्ट्यापट्ट्यांचे गादीपाट या दोहोंच्या मध्ये बसते आणि ते सर्वांत स्वस्त पडते. तालुक्याच्या गावातही ‘गादी कारखाना’ अशी पाटी असलेले दुकान सापडते. तेथे माप देऊन खोळ शिवून घ्यावी, मात्र कापड आधी धुऊन आटवून घ्यावे आणि माप पलंगाचे न देता प्रत्यक्ष थर एकावर एक ठेवून घेतलेले द्यावे. चेन तीन बाजूंनी हवी, नाहीतर पंचवीस किलोंचा गाभा आत सरकवताना शिवण उसवते. ती नायलॉनची असावी, कारण तांबे-पितळ रबराला मानवत नाही. रेक्झीन किंवा प्लास्टिकचे आवरण घामाला वाट देत नाही, तेव्हा ते नको.

पाठीला विचारून पाहणे

गादी तयार झाल्यावर दोन तपासण्या कराव्यात. पाठीवर सरळ झोपून कमरेच्या बाकाखाली दुसऱ्याने तळहात घालून पाहावा. हात सहज आरपार जात असेल आणि वरून फटही राहत असेल, तर वरचा थर कडक आहे. हात शिरतच नसेल आणि बैठकीचा भाग छातीपेक्षा खोल गेलेला दिसत असेल, तर गाभा नरम आहे. थोडासा दाब जाणवत हात आत गेला तर मांडणी जमली.

कुशीची तपासणी टिकल्यांनी करता येते. मानेच्या खालच्या हाडापासून माकडहाडापर्यंत मणक्यांच्या उंचवट्यांवर सात-आठ टिकल्या लावाव्यात, नेहमीसारखे कुशीवर झोपावे, आणि दुसऱ्याने मागून, गादीच्या पातळीवर फोन धरून छायाचित्र काढावे. टिकल्यांची रांग आडवी सरळ दिसली पाहिजे. ती मानेकडून माकडहाडाकडे उतरत गेली असेल तर कमरेखालचा भाग रुतत आहे, म्हणजे गाभा अधिक कडक हवा. ती मध्येच कमरेशी लोंबून पुढे पुन्हा वर चढत असेल तर खांदा आणि कमरेखालची बाजू आत जात नाहीत, म्हणजे वरचा थर नरम किंवा जाड हवा. वाढत्या दुखण्याचा दोष अनेकदा गादीला दिला जातो, पण खरा दोष उशीत असतो: कडक गादीवर खांदा कमी रुततो, त्यामुळे मान आणि गादी यांतील अंतर वाढते आणि कुशीवर झोपणाऱ्याला पूर्वीपेक्षा उंच उशी लागते.

एका वेळी एकच बदल करावा आणि त्याला किमान दोन आठवडे द्यावेत, कारण नव्या गादीवर पहिल्या काही रात्री अंग अवघडणे साहजिक आहे. दुकानात जाण्यापूर्वी घरचे उपाय संपवावेत. थोडे नरम हवे असेल तर गाभा उलटा करून त्याची सैल बाजू वर आणावी, किंवा खोळ बदलून पाहावी. थोडे कडक हवे असेल तर गाभ्याची घट्ट बाजू वर करावी, आणि तेवढ्याने भागले नाही तर जाड अस्तराची, घट्ट टाक्यांची खोळ घालून पाहावी. दुखणे रोज वाढतच असेल तर मात्र दोन आठवडे थांबू नये.

राखण

कापसाची गादी आपण उन्हात टाकतो. लॅटेक्सच्या गादीच्या बाबतीत ही सवय मोडावी लागते, कारण उन्हाने रबर पिवळे पडते, ठिसूळ होते आणि त्याचा भुगा होऊ लागतो. खिडकीतून रोज एकाच जागी येणारे ऊनही खोळ नसताना पुरेसे असते. वारा मात्र तिला हवा असतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा चादर काढून, डोक्याकडील बाजूखाली स्टूल सरकवून दोन तास पंखा लावून ठेवावा, आणि खालच्या प्लायवूडला हात लावून ओल आहे का ते पाहावे.

रबराचा दुसरा शत्रू तेल. पाठदुखीच्या घरात रात्री तेल चोळून झोपण्याची पद्धत असतेच, आणि ते तेल चादरीतून, खोळीतून झिरपत थरापर्यंत गेले की त्या जागी लॅटेक्स फुगून चिकट होते. तेल लावल्यावर ते पुसून घ्यावे आणि कमरेखाली जाड सुती पंचा किंवा दुहेरी घडीची जुनी धोतराची पट्टी टाकावी. विजेवर तापणारी शेकण्याची गादी रात्रभर खाली ठेवून झोपू नये.

मांडणी पक्की झाली की प्रत्येक थराच्या कडेवर जाड पेनाने त्याची घनता, आणल्याचा महिना-वर्ष आणि घट्ट बाजू कोणती हे लिहून ठेवावे. झिजतो तो बहुधा वरचा पातळ थरच. काही वर्षांनी तो बसला की याच नोंदीवरून त्याच घनतेचा एक-दोन इंचांचा थर मागवता येतो, आणि काढलेला जुना थर कापून दिवाणावरच्या बैठकीत घालता येतो.